मातृभाषेचा रकाना

नमस्कार श्रोतेहो. २०११च्या जनगणनेत आपल्या देशातल्या लोकांनी 'माझी मातृभाषा अमुक' म्हणून किती नावं सांगितली असतील? १९,५००हून जास्त! पुन्हा सांगतो, साडेएकोणीस हजारांच्या वर. छाननी होऊन उरल्या १,३६९. दहा हजारांवर बोलणारे असलेल्या भाषांचे गट केले, तर ते भरले १२१. या गटांचीही गंमत असते. तांड्यावरच्या माणसाने 'बंजारा' सांगितलं, तरी तक्त्यात तो हिंदीत जाऊन बसतो. मला ते पटत नाही, पण असो.

त्या फेब्रुवारीत मी प्रगणक होतो. शाळा सुटली की खांद्याला पिशवी आणि सोलापूरच्या गल्ल्या. घराघरात चहा. नको म्हटलं तर माणसं दुखावतात, घेतला तर रात्री झोप नाही. चहात आलं घालावं, वेलदोडा घालू नये, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत.

तर एका घरात आजी दारातच बसल्या होत्या. विचारलं, "घरात माणसं किती?" आजी अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत पुटपुटल्या, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु..." आणि मान वर करून मला म्हणाल्या, "पाच."

पुढे मातृभाषेचा रकाना आला. मुलगा आतून ओरडला, "सगळ्यांची मराठी लिहा, सर!" आजीही म्हणाल्या, "हां, मराठीच लिवा. घरात येगळं कशाला?"

आता नियम असा, की मातृभाषा प्रत्येकाची वेगळी विचारायची. घराची एकच असं धरायचं नाही. लहानपणी आई जी भाषा बोलायची ती मातृभाषा. आई. नवरा नाही, मुलगा नाही, शेजारपाजार तर नाहीच. आणि सांगतील तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. म्हणून विचारलं, "आजी, लहानपणी आई तुम्हाला हाक कशी मारायची?"

आजी थांबल्या. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "बा इल्लि," म्हणाल्या. इकडे ये. पुन्हा एकदा म्हणाल्या, हळू. मग मुलाकडे न बघताच मला म्हणाल्या, "माझं कन्नड लिवा."

लिहिलं. त्यापुढे, येणाऱ्या आणखी दोन भाषांची जागा असते. पहिल्या जागी मराठी. "अजून कुठली येते?"

"तेलुगू येतं थोडं. पण ते नळावर भांडण्यापुरतं."

"भांडता येतं ना?"

"ते तर मराठीपेक्षा चांगलं येतं!"

दुसऱ्या जागी तेलुगू लिहिलं आणि चहाला हो म्हटलं. वेलदोडा होता.