नेरळचं यार्ड, साठ सेंटिमीटरच्या फळीवर

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक हिशेब मांडू या. नेरळ ते माथेरान ही आपली छोटी गाडी साधारण 21 किलोमीटर धावते आणि तेवढ्यात सुमारे 760 मीटर वर चढते. हा मार्ग 87 पटींनी लहान करून जसाच्या तसा घरात बसवायचा ठरवला, तर रूळ लागतील 240 मीटर. आणि नेरळ तळमजल्यावर ठेवलं, तर माथेरान जाईल जवळपास तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीची परवानगी एक वेळ मिळेल, घरच्यांची मिळणार नाही. त्यामुळे आगगाडीचा लेआउट करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून एकच काम असतं. काय गाळायचं ते ठरवायचं.

लेआउट म्हणजे फळीवर मांडलेली चालती रेल्वे. रूळ, स्टेशन, सिग्नल, डोंगर, सगळं त्यात आलं. पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. ते पाहून घरी आलेल्या कितीतरी मुलांनी आणि मुलांच्या वडिलांनी प्लायवूड आणलं असेल. पहिला लेआउट सगळ्यांचा सारखाच असतो: सहा फूट बाय चार फूट प्लाय, त्यावर लंबगोल रूळ, मध्ये एक स्टेशन. गाडी गोल गोल फिरते. महिनाभर मजा येते. मग लक्षात येतं की ही गाडी कुठून निघत नाही आणि कुठे पोहोचतही नाही. आज मला बोलायचं आहे ते त्या पुढच्या टप्प्याबद्दल. असा गोल मोडून त्याचं नेरळ कसं करायचं, त्याबद्दल.

नेरळच का? त्याचं उत्तर रुळांच्या रुंदीत आहे. 1:87 या प्रमाणाला एचओ म्हणतात आणि बाजारात त्याचे जे रूळ मिळतात त्यांच्यातलं अंतर 16.5 मिलिमीटर असतं. 87 ने गुणून पाहा, 1435 मिलिमीटर येतात. हा युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज आहे 1676 मिलिमीटरचा, म्हणजे आपल्याला हवेत 19.3. तसे रूळ दुकानात मिळत नाहीत. ते हाताने घालावे लागतात, आणि प्रत्येक डब्याच्या प्रत्येक आसावरची चाकं सरकवून घ्यावी लागतात. बहुतेक जण हे तीन मिलिमीटर गिळून टाकतात आणि मीही गिळलेत. बाजूने पाहिलं तर कोणाला कळत नाही.

नेरळला मात्र ही चोरी पकडली जाते. तिथे मुंबई-पुणे मुख्य मार्गाचा ब्रॉडगेज आणि माथेरानचा 610 मिलिमीटरचा नॅरोगेज शेजारी शेजारी आहेत. प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या पावणेतीनपट रुंद आहे. प्रतिकृतीत नॅरोगेजसाठी सहसा 9 मिलिमीटरचे रूळ वापरतात. ते 16.5 च्या शेजारी ठेवले तर दुप्पटही फरक राहत नाही आणि माथेरानची गाडी मोठी झाल्यासारखी वाटते. यावर उपाय आहे. झेड नावाचं एक चिमुकलं प्रमाण आहे, 1:220. त्याचे रूळ 6.5 मिलिमीटरचे असतात. ते घ्यायचे, त्याच्याच इंजिनाचा सांगाडा आणि मोटर घ्यायची आणि वर 1:87 चं शरीर आपण करायचं. दोन मार्गांमधलं प्रमाण अडीचपटीवर येतं. झेडचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, फार बारीक आणि दाट असतात, तेवढे मात्र काढून रुंद, विरळ स्लीपर बसवायला हवेत. काम किचकट आहे, पण पूर्ण लेआउटमध्ये नजर पहिल्यांदा जाते ती इथेच.

विदर्भातल्या श्रोत्यांचं काम सोपं आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला 762 मिलिमीटरच्या रुळांवर धावायची. भागिले 87, पावणेनऊ. म्हणजे 9 मिलिमीटरचे तयार रूळ तिला जवळजवळ बरोबर बसतात. 1994 पर्यंत तिथे वाफेची इंजिनं होती. हा विषय अजून हवा तितका कोणी हातात घेतलेला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता वळणं. खरी अडचण इथेच असते आणि माथेरानचा खरा फायदाही इथेच आहे. मुख्य मार्गावरचं 175 मीटर त्रिज्येचं वळणसुद्धा रेल्वेच्या भाषेत कडकच. ते 87 ने भागलं तर दोन मीटर त्रिज्या येते. म्हणजे गाडी वळवून परत आणायला चार मीटर रुंद खोली लागणार. म्हणून तयार संचात 36 सेंटिमीटर त्रिज्येची वळणं देतात, ज्यावरून खरी राजधानी एक्स्प्रेस कधीच गेली नसती. माथेरानच्या मार्गावर मात्र सगळ्यात तीव्र वळणाची त्रिज्या 60 फूट आहे. अठरा मीटरच्या थोडं वर. भागिले 87, बरोबर 21 सेंटिमीटर. घोड्याच्या नालेसारखं पूर्ण वळण पन्नास-साठ सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर खऱ्या मापाने बसतं. कुठेही लबाडी नाही.

हे वळण खऱ्या इंजिनांनाही जड होतं. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने हा मार्ग बांधला, तेव्हा जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून जी इंजिनं आली, त्यांचे टोकाचे आस थोडे बाजूला सरकू शकत होते. सहा चाकी इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्याने हेच करायचं. मधला आस घट्ट, टोकाच्या आसांना अर्धा मिलिमीटर मोकळीक.

तर, सहा बाय चारचा तो प्लाय. त्यावरची घरं, झाडं काढून घ्यायची, रूळ अलगद उचलायचे आणि फळी लांबीच्या बाजूने मधोमध कापायची. सुतार दहा मिनिटांत कापून देतो. काळजावर दगड ठेवायला मात्र आठवडा लागतो. आता दोन फूट रुंदीच्या, सहा फूट लांबीच्या दोन फळ्या झाल्या. खोलीच्या कोपऱ्यात एकमेकींना काटकोनात, छातीच्या उंचीवर बसवायच्या. कापलेल्या कडांना लगेच दोन हात वॉर्निश द्या. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात प्लायच्या कडा पाणी पितात, फुगतात आणि वरचे रूळ वाकतात. फळ्यांच्या जोडावर रुळांमध्ये अर्धा मिलिमीटर फट ठेवा, कारण मे महिन्यात तेच रूळ तापून लांबतात.

पहिल्या फळीवर नेरळ. मागच्या बाजूला ब्रॉडगेजच्या अप आणि डाऊन लाइन सरळ जातात, पुढे नॅरोगेजचं यार्ड. इथे पुन्हा गाळणी लावायची. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या डब्यांच्या कारखान्याचा, एक डबा बफरपासून बफरपर्यंत 22.3 मीटरचा, प्रतिकृतीत साडेपंचवीस सेंटिमीटर. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस सहा मीटरांवर जाते, आपली फळी आहे 1.8 मीटरची. म्हणून पाच डबे आणि इंजिन. कोपऱ्यावर ब्रॉडगेजला जे खोटं, आवळलेलं वळण घ्यावं लागतं ते डोंगराच्या मागे लपवायचं. तिथेच पडद्यामागचं यार्ड करायचं, जिथे आपली पाळी येईपर्यंत गाड्या उभ्या राहतील. गोल गेला, पण गाडी येते, थांबते, जाते. नेरळहून निघालेली छोटी गाडीही सुरुवातीला थोडं अंतर ब्रॉडगेजला समांतरच धावते. ते दृश्य पहिल्या फळीवर फुकटात मिळतं.

दुसऱ्या फळीवर चढ आणि वाटेतलं जुम्मापट्टी स्टेशन. प्रत्यक्षात चढ वीसला एक असा आहे, म्हणजे दोन मीटरमध्ये दहा सेंटिमीटर. झेडची हलकी इंजिनं त्यावर घसरतात. मी पंचवीसला एक ठेवतो आणि इंजिनाच्या पोटात शिशाचे तुकडे भरतो. वॉटर पाइप, अमन लॉज ही पुढची स्टेशनं आणि प्रत्यक्ष माथेरान आपल्या फळीवर नाही. गाडी डोंगरामागे गेली की ती माथेरानला गेली असं समजायचं.

विजेचं काम जुन्या लेआउटमध्ये सगळ्यात जास्त छळतं. जुनी पद्धत सोपी होती: 12 व्होल्ट डीसी, एका रुळाला अधिक, दुसऱ्याला उणे, आणि नॉब फिरवला की रुळांवरची सगळी इंजिनं एकदम निघायची. आता डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल आहे. रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकतो. फेरबदल करताना एक गोष्ट जरूर तपासा. काही जुन्या संचांत रुळाला वीज देणाऱ्या तुकड्यात रेडिओची खरखर टाळण्यासाठी कपॅसिटर असतो. तुमच्या-माझ्या या रेडिओसाठी केलेली सोय, पण डीसीसीचा सिग्नल ती बिघडवते. तो काढून टाका. फळीखालून जाड वायरची जोडी न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक वायर सोल्डर करा. रूळ जोडणाऱ्या नुसत्या फिशप्लेटवर विसंबू नका, दमट हवेत त्या दगा देतात. आणि सांध्याचा, म्हणजे जिथे एका रुळाच्या दोन वाटा फुटतात त्या जागेचा, मधला भाग, ज्याला क्रॉसिंग म्हणतात, तो प्लॅस्टिकचा नको, वीज वाहणारा हवा. आखूड इंजिन प्लॅस्टिकवर हमखास बंद पडतं आणि माथेरानचं इंजिन आखूडच असतं.

डोंगराचं मात्र मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. दिवाळीचा किल्ला केलेला हात पुरेसा आहे. लाकडाच्या पट्ट्या, त्यावर चुरगळलेले कागद, आणि त्यावर गोणपाटाचे तुकडे मातीऐवजी प्लास्टरच्या पाण्यात बुडवून. रंगाला घाई करू नका. खाली सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, वर लाल जांभा, आणि गवत कोणत्या महिन्याचं ते आधी ठरवा. ऑगस्टचा हिरवा आणि फेब्रुवारीचा पिवळा एकाच उतारावर नको. घोसाळ्याची वाळलेली जाळी फाडून रंगवली की छान झुडपं होतात. रुळांखालची खडी काळा दगड कुटून, चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. रत्नागिरीच्या किनाऱ्याची काळी वाळू दिसायला मोहक असते, पण तिच्यात लोहाचे कण असतात. मोटरचं चुंबक ते खेचून घेतं आणि मोटर जाम होते. कुठलीही वाळू आधी लोहचुंबक फिरवून साफ करा.

साल ठरवणं शेवटचं, पण टाळू नका. 2005 च्या जुलैच्या पावसात हा मार्ग वाहून गेला आणि 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसाने परत बंद पडला, तो नेरळपासून पूर्ण सुरू झाला 2022 च्या ऑक्टोबरात. फलाटावर कुठली लोकल उभी करायची, छोट्या गाडीला वाफेचं इंजिन जोडायचं की डिझेलचं, हे सगळं सालावर ठरतं. मला वाफेचं इंजिन आवडतं, म्हणून माझ्या फळीवर मोबाइलचा टॉवर नाही आणि नव्या लोकलही नाहीत. पाहुणे विचारतात तेव्हा मी त्यांना त्या काळातल्या पाट्या दाखवतो.

आणि खडी चिकटवण्याआधी गाडी भरपूर चालवून घ्या. सरळ तर चालवाच, पण उलटीही ढकला. सगळे डबे पुढे, इंजिन मागे, प्रत्येक सांध्यावरून, हळू. जिथे डबा उडी मारेल तिथे खडूने खूण करा आणि तो सांधा कानशीने घासून नीट करा. सगळ्या खुणा पुसल्या गेल्या की मग फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला, आणि ड्रॉपरने खडीवर सोडायला लागा. नमस्कार.