पोटऱ्यांना विचारा: ब्लॅकपूलच्या नाचघरातली एक दुपार

(दृश्य: रंगमंचातून ऑर्गन वर येतो. आधी संगीत ऐकू द्यावं, निवेदन नंतर.)

वाजतवाजतच वर येतो हा. वर्लिट्झर कंपनीचा ऑर्गन, १९३५ सालचा. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूल टॉवरच्या पोटातलं हे नाचघर. फ्रँक मॅचम या वास्तुविशारदाने बांधलेलं, १८९९ मध्ये खुलं झालेलं. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतले कामगार वर्षाच्या सुट्टीला या गावी लोटायचे. वर्षभर साच्यावर उभं राहून आखडलेली पाठ इथे मोकळी व्हायची.

वर बघा. झुंबरं, सोनेरी नक्षी, रंगवलेलं छत. १९५६ च्या डिसेंबरात आग लागली, नाचाची जमीन खराब झाली. १९५८ मध्ये सगळं पुन्हा जसंच्या तसं उभं राहिलं. बदलले ते नियम. सोबत स्त्री असल्याशिवाय पुरुषाने नाचू नये, असा इथला एक जुना दंडक होता. आज हे दोन गृहस्थ एकमेकांना धरून खुशाल नाचतायत.

(दृश्य: जमीन, अगदी जवळून.)

महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या लाकडाचे ३०,६०२ तुकडे. पायाखाली ही जमीन किंचित दबते. सिमेंटच्या रस्त्यावर पळून गुडघे दुखवून घेतलेत, त्यांना या दबण्याचं मोल सांगायला नको.

आजोबा बुटांचे तळ तारेच्या ब्रशने घासतायत. तळ स्वेडचा, म्हणजे लव असलेल्या चामड्याचा. लव बसली की पाय सटकतो; आणि बूट जमिनीला फारच धरून बसला तर गिरकी घेताना गुडघा पिळला जातो. दोन्ही बूट उजेडात धरून पाहिले, तेव्हा कुठे समाधान झालं.

(दृश्य: वॉल्ट्झ सुरू.)

वॉल्ट्झ म्हणजे तीन-तीन ठोक्यांच्या तालावरचा जोडीनाच. मिनिटाला साधारण ९० ठोके. पहिल्या ठोक्याला गुडघा वाकवून, टाच टेकवत पुढे लांब पाऊल. दुसऱ्याला अंग वर उचललं जातं. तिसऱ्याला पाय जुळतात, दोघंही चवड्यांवर, आणि मग सावकाश खाली. हे सावकाश खाली येणंच कठीण. शरीराचा सगळा भार तेव्हा पोटरी झेलते. पुन्हा दर पावलागणिक भार एका पायावरून पूर्णपणे दुसऱ्यावर जातो. एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम म्हणून फिजिओथेरपीत करून घेतात, तोच हा, फक्त इथे कुणी मोजत बसत नाही. तीन मिनिटांच्या एका नाचात अडीचशेच्या वर पावलं पडतात. हात तेवढा वेळ हवेत, पाठ ताठ, खांदे खाली.

आता या बाईंकडे बघा. त्या उलट्या चालतायत. मागे कोण आहे ते दिसत नाही. जोडीदाराची छाती किंचित वळली की त्यांना पुढचं पाऊल कळतं. तो मात्र गर्दीतून वाट काढतोय, कारण सगळ्यांनी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरायचं आणि कुणी कुणाला धडकायचं नाही. ट्रेडमिलवर पुढचं पाऊल पट्टा ठरवतो. इथे ते दोघांना मिळून ठरवावं लागतं, तेही क्षणात. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत वॉल्ट्झ नाचलेल्यांना ही कसरत ठाऊक आहे.

(दृश्य: चहाची टेबलं, घाम पुसणारे चेहरे.)

इटलीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे संथ आणि जलद वॉल्ट्झ नाचवला. २००८ च्या त्या अभ्यासात त्यांचा दम सायकल-ट्रेडमिल करणाऱ्यांइतकाच वाढलेला दिसला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ४६९ वृद्धांच्या पाहणीत नाचणाऱ्यांत डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी आढळला. नाचामुळेच, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. सिडनीच्या एका चाचणीत नाचूनही वृद्धांचं पडणं कमी झालं नाही, हेही खरं.

(दृश्य: ऑर्गनवर क्विकस्टेप.)

क्विकस्टेप म्हणजे झपाट्याचा जोडीनाच. आता ठोके मिनिटाला दोनशे. निम्मी मंडळी चहाकडे वळली. आजोबांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि जोडीदारणीचा हात धरून निघाले. त्यांच्या बाजूने पळत चित्रण करायचं ठरलं होतं. चित्र हलतंय ते त्यामुळे, आणि अर्ध्या फेरीत थांबतंय तेही, कारण आमच्या तरुण कॅमेरामनला धाप लागली.