रात्री बाराची पावती

नमस्कार. विषय सर्व्हरच्या घड्याळाचा आहे, पण सुरुवात मी उसाच्या काट्यापासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या सर्व्हरचं काम माझ्याकडे आलं. गाळप हंगाम ऐन भरात. काटे रात्रंदिवस चालू, रात्री बाराला पाळी बदलायची आणि त्याच ठोक्याला सर्व्हर आधीच्या पाळीचं टनेज बंद करून अहवाल काढायचा. महिन्यातून दोन-तीनदा हा अहवाल आणि पावत्यांची बेरीज यांत एका गाडीचा फरक पडायचा. काटामारी हा शब्द आपल्याकडे किती जिव्हारी लागतो, ते तुम्ही जाणताच. संशय रात्रपाळीच्या काटा क्लार्कवर गेला. त्या मुलाकडून लेखी खुलासा मागवला होता. तो कागद मी पाहिला, आणि तेव्हापासून सर्व्हरची वेळ ही मला केवळ तांत्रिक बाब वाटलेली नाही.

फरक आलेल्या एका रात्रीच्या पावत्या मी वेळेप्रमाणे न लावता नंबरप्रमाणे लावल्या. ४८१२ नंबरची पावती दुसऱ्या काट्यावरची, वेळ ००:००:०३. तिच्या पुढची ४८१३, वेळ २३:५९:५८. नंबर एकाने पुढे आणि वेळ पाच सेकंदांनी मागे! बंद झालेल्या पाळीत सर्व्हरनेच एक गाडी मागाहून घातली होती.

झालं होतं असं. सर्व्हरचं घड्याळ पुढे पळत होतं. कुणीतरी त्यावर इलाज म्हणून रोज रात्री बाराला एनटीपीडेट, म्हणजे नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारून घड्याळ एका झटक्यात लावणारा प्रोग्रॅम, चालवणारी ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी चालवायच्या कामांच्या यादीत, टाकून ठेवली होती. बारा वाजले, पाळी बंद झाली, पाच-सहा सेकंदांत उत्तर आलं आणि घड्याळ मागे ओढलं गेलं. नेमक्या त्या क्षणांत एखादी गाडी काट्यावर असली तरच फरक दिसायचा. म्हणून तर तो रोज सापडत नव्हता.

घड्याळ चुकलं की आपण सगळे किती सेकंदांनी चुकलंय ते बघतो, वेळ लावतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. पण रोज वेळ लावत राहिलं की आजार दिसेनासा होतो. बघायचं असतं ते घड्याळ कोणत्या वेगाने चुकतंय. मी क्रॉनची ओळ दोन दिवस बंद ठेवली आणि नुसता फरक लिहीत गेलो. पहिल्या दिवशी ९ सेकंद, दुसऱ्या दिवशी आणखी ९. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे हा वेग दहा लाखांत साधारण १०४ भाग. पीपीएम म्हणतात तो हाच. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद.

हा आकडा फार बोलका असतो. रोज सारखाच फरक पडत असेल तर दोष क्रिस्टलचा, म्हणजे ज्याच्या कंपनांवर घड्याळ चालतं त्या स्फटिकाचा, किंवा बूट होताना कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, त्याचा वेग चुकीचा मोजल्याचा. एसी बंद झाल्यावर फरक बदलत असेल तर तापमान बघा. मदरबोर्डवरच्या आरटीसीचं, म्हणजे मशीन बंद असतानाही चालणाऱ्या घड्याळाचं, ३२,७६८ हर्ट्झचं क्रिस्टल तर तापलं तरी मागे पडतं आणि गारठलं तरी मागेच पडतं. फरक बरोबर १९,८०० सेकंद आला तर क्रिस्टलला हातही लावू नका: ते साडेपाच तास आहेत, आरटीसीतली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजायची की भारतीय, याचा घोळ झालाय. वीज गेल्यावरच वेळ बिघडत असेल तर आधी नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदला. आणि व्हर्च्युअल मशीनवर फरक हळूहळू वाढून एकदम खाली येत असेल, तर बहुतेक होस्ट, म्हणजे ती ज्यावर चालते ते खरं मशीन, आणि एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत, दोघेही वेळ लावतायत. एकालाच ठेवा.

आता त्या कारखान्यात एनटीपीडी, म्हणजे एनटीपीने घड्याळ सतत जुळवत ठेवणारा प्रोग्रॅम, नव्हता का? होता. तो ज्यांना वेळ विचारतो त्या सर्व्हरांची यादी मी उघडली. रीच नावाचा जो रकाना असतो, त्यात शून्य. हा रकाना वाचायला शिका. शेवटच्या आठ विचारण्यांपैकी कितींना उत्तर आलं ते तिथे अष्टमान पद्धतीत, म्हणजे ७ नंतर थेट १० येणाऱ्या आकड्यांत, लिहिलेलं असतं. उत्तरं येत गेली की १, ३, ७, १७, ३७ असं चढत ३७७ होतं. ३७७ म्हणजे आठही उत्तरं आली. ३७६ दिसलं तर सगळ्यात ताजं उत्तर चुकलंय. शून्य म्हणजे गेल्या आठांपैकी एकही आलेलं नाही.

मग एनटीपीडेटला उत्तर कसं मिळत होतं? एनटीपीडी स्वतःच्या बाजूनेही यूडीपी १२३ हाच पोर्ट, म्हणजे नेटवर्कवर ये-जा करायचा क्रमांकाचा दरवाजा, वापरतो, आणि राउटर त्या पोर्टवर परत येणारी उत्तरं टाकून देत होता. क्रॉनमधल्या ओळीत यूचा पर्याय दिलेला होता, म्हणून ती मोठ्या क्रमांकाच्या दुसऱ्या पोर्टवरून जायची आणि सुटायची. आडवाट सापडल्यावर मूळ रस्ता कुणी तपासलाच नाही.

मी एनटीपीडीच्या जागी त्याच कामाचं क्रोनी बसवलं. ते कुठल्याही मोकळ्या पोर्टवरून विचारतं, त्यामुळे राउटरची अडचण उरली नाही. वेळ विचारायला चार सर्व्हर दिले. दोनच दिले आणि त्यांचं आपसांत जमलं नाही तर खरा कोण ते ठरवता येत नाही. मेकस्टेप १ ३ अशी ओळ ठेवली: एक सेकंदाहून मोठा फरक असेल तर उडी मारायची मुभा फक्त सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत, पुढे फक्त वेग कमी-जास्त करायचा. चालू सर्व्हरचं घड्याळ उडी मारून मागे गेलेलं मला चालत नाही. वेग बदलून होणारी दुरुस्ती संथ असते हे खरं. एनटीपीडी ५०० पीपीएमपेक्षा जास्त वेग बदलत नाही, त्यामुळे एक सेकंद भरून काढायला २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त लागतात. लागू देत. घाई करून मागे ओढलेल्या घड्याळाने काय होतं ते त्या ४८१३ नंबरच्या पावतीवर छापलेलं आहे.

दोन दिवसांनी क्रोनीची स्थिती दाखवणारी क्रोनीसी ट्रॅकिंग ही कमांड चालवली. फ्रीक्वेन्सीच्या ओळीत १०४ च्या आसपासचा आकडा आणि पुढे फास्ट. घड्याळ अजूनही तेवढंच पळत होतं, पण आता कर्नल त्याचा लगाम धरून होता, आणि तो वेग ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहिलेला असल्याने रीबूटनंतरही क्रोनीची सुरुवात तिथूनच होणार होती.

त्या दोन पावत्यांच्या झेरॉक्स आणि क्रॉनची ती ओळ एका कागदावर लावून मी कार्यालयात दिली. क्लार्कचा खुलासा त्याच्या फाइलमधून काढला गेला. तो मुलगा दुपारी मला सर्व्हर रूमच्या दारात भेटला आणि त्याने विचारलं, "साहेब, आता बाराला गाडी काट्यावर घेतली तर चालेल ना?" तो कित्येक रात्री बाराच्या आधी दोन मिनिटं काटा थांबवून ठेवत होता.