मशीद कारखान्याच्या मागे गेली

मंडळी, नमस्कार. मागे भजी तळायला घेतली आहेत, वास मलाही येतोय. तेव्हा थोडक्यात सांगतो.

आपल्यातले बरेच जण मोटारींच्या नोकरीपायी डेट्रॉईटला आले. आपल्या कितीतरी आधी सीरिया-लेबनॉनकडची तरुण पोरं याच वाटेने आली होती. डेट्रॉईटला लागून असलेल्या हायलंड पार्कला फोर्डचा कारखाना १९१० मध्ये सुरू झाला. १९१४ मध्ये आठ तासांच्या पाळीला पाच डॉलर रोज जाहीर झाला आणि बातमी गावोगाव गेली. चार पैसे साठवायचे नि परत जायचं, एवढाच बेत. ओळखीचा वाटतो ना?

१९२१ मध्ये त्याच हायलंड पार्कला मशीद उभी राहिली. मुद्दाम मशीद म्हणूनच बांधलेली ही अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. बहुतेक पैसा जमिनींचा धंदा करणाऱ्या मुहंमद करूब यांचा, इमाम त्यांचे भाऊ हुसेन. त्या दिवसांत आपल्याकडचेही एक गृहस्थ तिथे होते: पंजाबातल्या भेऱ्याचे मुफ्ती मुहंमद सादिक, अहमदिया या इस्लामी पंथाचे प्रचारक. १९२० मध्ये फिलाडेल्फियाला उतरताच त्यांना अडकवून ठेवलं. शंका बहुपत्नीत्वाच्या प्रचाराची! सुटल्यावर त्यांनी हायलंड पार्कहून 'मोस्लेम सनराइज' हे त्रैमासिक काढलं.

मशीद मात्र काही वर्षांतच बंद पडली. सुन्नी, शिया, अहमदिया यांचं आपसात जमेना. माझा अंदाज, एकाच्याच खिशातून उभी राहिलेली वास्तू बाकीच्यांना आपली वाटली नसावी. आपल्या हॉलच्या वर्गणीवरून झालेली सभा आठवा. नावं घेत नाही.

पुढे फोर्डने काम जवळच्या डिअरबॉर्न शहरातल्या रूझ कारखान्यात हलवलं. कामगारही बिऱ्हाडं घेऊन मागोमाग गेले, कारखान्याला लागूनच राहिले. गिरणगावातल्या चाळींसारखंच. तिथे डिक्स रस्त्यावर १९३८ मध्ये नवी मशीद सुरू झाली आणि ती टिकली, टप्प्याटप्प्याने वाढलीसुद्धा.

सुखाने टिकली असं नाही. महापौर ऑर्व्हिल हबर्ड यांच्या काळात नगरपालिकेने ही वस्तीच उठवून जागा उद्योगांना द्यायचं ठरवलं. घरं विकत घ्यायची, पाडायची, असं चाललं होतं. रहिवासी कोर्टात गेले आणि १९७३ मध्ये जिंकले. मग नवे येमेनी कामगार आले, मशिदीचा कारभार त्यांच्या हाती गेला, अजान भोंग्यावर सुरू झाली. शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेही प्रकरण कोर्टात गेलं.

रूझचा कारखाना पाहायला पाहुण्यांना आपण नेतोच. पुढच्या वेळी येताना डिक्सवरून या.