पेशींच्या थरावर ताण येतो तेव्हा

मंडळी, तुम्ही आत्ता श्वास घेतलात तेव्हा फुप्फुसातल्या वायुकोशांचं अस्तर ताणलं गेलं, सोडलात तेव्हा ते पूर्ववत झालं. आतड्याची, मूत्राशयाची हीच कथा. या अस्तरांना अभिस्तर ऊती म्हणतात. एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी, आणि कित्येक ठिकाणी जाडी जेमतेम एका पेशीची. असा थर जन्मभर ओढला जातो, दाबला जातो, तरी सहसा फाटत नाही. याचं कारण विचारलं की उत्तर येतं, ‘तो रबरासारखा लवचिक असतो.’ मला हे उत्तर पटत नाही. रबर क्षणभर ताणा नाहीतर तासभर, त्याच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. पेशींचा थर मात्र पहिल्या सेकंदाला एक करतो, मिनिटभराने दुसरं आणि तासाभराने भलतंच.

हे मोजायचं कसं, हीच मुळात अडचण होती. थर नेहमी कशावर तरी पसरलेला असतो, मग ओढ पेशींनी सोसली की खालच्या आधाराने, हे कळणार कसं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गियोम शारास यांच्या गटाने २०१२ साली यावर एक सुरेख युक्ती प्रसिद्ध केली. दोन बारीक दांड्यांच्या मध्ये कोलॅजेनचा थेंब ठेवायचा, तो वाळू द्यायचा आणि त्यावर पेशी वाढवायच्या. थर सलग झाला की विकर (एन्झाइम) घालून खालचं कोलॅजेन पचवून टाकायचं. उरतो तो अधांतरी पडदा, साधारण दहा मायक्रोमीटर जाडीचा, ज्यातल्या पेशींना एकमेकींशिवाय कुणाचाच आधार नाही. एक दांडी लवचिक ठेवलेली असते, ती किती वाकली यावरून ओढ मोजतात. हा पडदा फाटण्याआधी मूळ लांबीच्या दुपटीहून जास्त ताणला गेला.

ही ताकद सांध्यांची आणि आतल्या तंतूंची. शेजारच्या पेशींना कॅडहेरिन नावाची प्रथिनं जोडून धरतात. त्यांना कॅल्शियम लागतं, ते काढून घेतलं तर पेशी सुट्या होतात. कॅडहेरिनच्या आतल्या टोकाशी अल्फा-कॅटेनिन असतं आणि खरी गंमत तिथे आहे. ओढ बसली की या प्रथिनाची घडी उलगडते, लपलेली जागा उघडी पडते, तिथे व्हिन्क्युलिन नावाचं आणखी एक प्रथिन येऊन चिकटतं आणि सांधा आणखी घट्ट होतो. ओढल्यावर मजबूत होणारा सांधा! पेशीच्या आतले केराटिन या प्रथिनाचे तंतू मोठ्या ताणात उपयोगी पडतात. केराटिन ५ किंवा १४ च्या जनुकात बिघाड असलेल्यांच्या त्वचेला साध्या घासण्यानेही फोड येतात.

आता मिनिटांचा हिशेब. पडदा ताणून तसाच धरून ठेवला, तर त्यातला बराचसा ताण साधारण मिनिटभरातच ओसरतो. कारण पेशींच्या आत ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं सतत मोडतं आणि नव्याने विणलं जातं, मायोसिन हे दुसरं प्रथिन त्याला आकसत ठेवतं. उलट बाजूने, म्हणजे पडदा ढिला सोडला, तर तो आधी लोंबतो आणि मिनिटभरात पुन्हा सपाट होतो. हे जमतं साधारण ३५ टक्के आखडेपर्यंत. त्यापलीकडे गेलात की पडलेली घडी मोडत नाही. थर स्वतःला कायम थोडा ताणलेला ठेवतो, म्हणून त्याच्याकडे एवढी गुंजाईश असते. भ्रूणात घड्या पडून अवयव घडतात, तिथे हीच मर्यादा ओलांडली जात असावी असं मला वाटतं.

तासांच्या मापात मात्र पेशींची संख्याच बदलते. जागा कमी पडून गर्दी झाली की थर काही जिवंत पेशींना बाहेर ढकलतो. शेजारणी त्या पेशीभोवती ॲक्टिन-मायोसिनचं कडं आवळतात, ती वर निसटते आणि भोक पडायच्या आत जागा मिटते. मृत्यू बहुधा नंतर, बाहेर पडल्यावर येतो. उलट थर ताणला तर विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबलेल्या पेशी तासाभरात विभागतात.

ही दोन्ही कामं एकाच प्रथिनाकडे आहेत, पिएझो-१. पेशीपटलातलं हे दार पटल ताणलं की उघडतं आणि कॅल्शियम आत येतं. आर्डेम पटापूटियन आणि बर्ट्रांड कॉस्त यांनी ते २०१० मध्ये शोधलं. पेशीला बारीक नळीने टोचायचं, विद्युतप्रवाह मोजायचा आणि संशयित जनुकं एकेक करून बंद करत जायचं. यादी ७२ जनुकांची होती आणि हवं ते ७२ वं निघालं! पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं.

दम्याचं उदाहरण सांगतो. झटका येतो तेव्हा श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर एकदम दाटतं आणि पेशी भराभर बाहेर फेकल्या जातात. अस्तर उघडं पडतं, सूज वाढते, पुढच्या झटक्याला वाट मिळते. लंडनच्याच किंग्ज कॉलेजमधल्या जोडी रोझेनब्लॅट यांच्या गटाने हे २०२४ मध्ये दाखवलं. सॅल्ब्युटामॉल या दम्याच्या नेहमीच्या औषधाने नलिका मोकळी होते, पण पेशींची ही हकालपट्टी थांबत नाही. उंदरांमध्ये ती गॅडोलिनियम या धातूने थांबली. गॅडोलिनियम ताणाने उघडणारी दारं बंद करतं, पण ते विषारी असल्याने औषध म्हणून तसंच देता येणार नाही. समजा उद्या सुरक्षित पर्याय मिळाला, तरी मला एक अडचण दिसते. पिएझो-१ बंद केलं तर गर्दीतली हकालपट्टी थांबेल, पण उघड्या पडलेल्या जागी ताणलेल्या पेशींना विभागायला सांगणारंही तेच आहे. तेव्हा असं औषध द्यायचं झालं तर ते झटक्याच्या वेळेपुरतंच द्यावं लागेल, आणि नंतर लगेच उतरावं लागेल.