शंभर वॉट आणि पहाटेचा अर्धा तास

[पडदा काळा. नुसती खरखर. दहा सेकंद तशीच राहू द्यायची.]

आधी हे ऐका. काही नाहीये यात, नुसती खरखर, कुणालाही ऐकवलं तर म्हणतो रेडिओ बिघडलाय तुझा. पण जरा थांबा... हां, हे. टुंऽऽ. आणि त्याच्या मागोमाग अजून एक, जरा बारीक. मग तिसरा... असेल, नसेलही, मी शपथेवर सांगणार नाही.

हे बीकन आहे, आपोआप सिग्नल सोडत राहणारं स्टेशन. जगात अशी अठरा स्टेशनं ठरवून दिलीयेत, सगळी १४.१०० मेगाहर्ट्झवर, एकामागोमाग एक, प्रत्येकाला दहा सेकंद, म्हणजे तीन मिनिटांत अख्ख्या जगाची फेरी. काही अधूनमधून बंद असतात, ते चालायचंच. प्रत्येक स्टेशन मोर्समध्ये स्वतःचं नाव सांगतं आणि मग एकेक सेकंदाचे चार डॅश सोडतं. पहिला १०० वॉटचा, दुसरा १०, तिसरा १, आणि चौथा ०.१ वॉट. म्हणजे आधी ओरडून हाक मारायची, मग साधं बोलायचं, मग कुजबुजायचं, आणि शेवटी नुसतेच ओठ हलवायचे.

तर एका संध्याकाळी मला चौथा डॅश ऐकू आला. ०.१ वॉट, हजारो किलोमीटरवरून! मी रेडिओकडे बघतच बसलो. त्या आठवड्यात मी मोठा ॲम्प्लिफायर घ्यायच्या विचारात होतो, घरच्यांना पटवून पण झालं होतं. ते भूत तिथंच उतरलं.

[रेडिओचा डायल, जवळून. बोट हळूहळू फिरवतंय.]

या छंदाला हॅम रेडिओ म्हणतात. परीक्षा द्यायची, लायसन्स मिळतं, कॉलसाईन मिळतो, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, आणि मग जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलायला मोकळे. त्यात आमच्यासारखे काही असतात ज्यांना जवळच्याशी बोलण्यात फार रस नसतो, जितका लांबचा तितका गोड, त्याला आम्ही डीएक्स म्हणतो. इंटरनेट असताना हे कशाला, हा प्रश्न मला दर महिन्याला एकदा तरी पडतो, म्हणजे मला नाही, विचारणाऱ्याला. मी त्यांना म्हणतो, मासे बाजारात मिळतात तरी माणसं गळ टाकून बसतातच ना.

आता एवढं लांब जातं कसं? रेडिओची लहर सरळ जाते आणि पृथ्वी तर गोल, म्हणजे खरं तर ती क्षितिजापलीकडे निघून अवकाशात हरवायला पाहिजे. पण वर आयनोस्फिअर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्या थरातून आमची लहर वळून परत जमिनीकडे येते. आमच्या कामाचा मुख्य थर एफ, साधारण २०० ते ४०० किलोमीटर उंचीवर, तिथून एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर सहज जातात, मग समुद्रावर आपटून परत वर, परत खाली, पाण्यावर चपटा दगड फेकल्यासारखं. पण त्याच्या खाली, ६० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात, डी नावाचा एक चोर बसलेला असतो. दिवसा तो खालच्या बँडचे, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांचे सिग्नल गिळतो, ४० मीटर, ८० मीटर (ही नावं लहरीच्या लांबीवरून), सगळं गिळतो. सूर्य मावळला की तो पटकन विरतो पण वरचा एफ मात्र रात्रभर टिकून राहतो. त्यामुळे उजाडता-मावळताच्या सीमेवर, जिथं चोर आलेला नाही आणि छप्पर अजून शाबूत आहे, तिथं थोडा वेळ एक दार उघडतं. ग्रेलाईन म्हणतात त्याला. माझा सगळा धंदा त्या दारावर.

[जुने फोटो. मोठमोठ्या कॉइल, लाकडी टेबल.]

गंमत म्हणजे छोट्या लहरी एवढ्या लांब जातात हे हौशी लोकांनाच सापडलं, आणि तेही त्यांना अडगळीत ढकललं होतं म्हणून. १९१२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी लोकांना सांगितलं गेलं की तुम्ही २०० मीटर आणि त्याहून छोट्या लहरींवर जा, कारण तेव्हाच्या जाणकारांच्या मते त्या लांब पल्ल्याला निरुपयोगी होत्या. बसा खेळत. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसनला, गारठ्यात तंबू ठोकून बसला आणि त्याला अटलांटिकपलीकडची हौशी स्टेशनं ऐकू आली. फक्त ऐकू आली बरं का, बोलणं नाही. ते झालं नोव्हेंबर १९२३ मध्ये, फ्रान्समधला लिओं देलॉय आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल, साधारण १०० मीटरवर, म्हणजे ज्यांना निरुपयोगी म्हटलं होतं त्यातल्याही अजून छोट्या लहरीवर.

आणि मग माझी आवडती गोष्ट. १८ ऑक्टोबर १९२४. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या फार्मवर राहणारा फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर, वय वर्षं अठरा. पृथ्वीच्या दोन टोकांनी एकमेकांशी बोलून दाखवलं, एक शाळकरी पोरगा आणि एक मेंढीवाला. हाच गॉयडर पुढे ऑल इंडिया रेडिओचा चीफ इंजिनिअर झाला. त्याच वर्षाच्या शेवटी ॲपलटन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं वर खरंच थर आहे हे प्रयोगानं दाखवायला सुरुवात केली आणि १९४७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणजे पोरांनी आधी भिंतीवर चेंडू मारला, भिंत आहे हे नंतर सिद्ध झालं.

[तार, कात्री, मोजपट्टी.]

सामान म्हणाल तर फार लागत नाही. २० मीटर बँडसाठी साधारण दहा मीटर तार, मधोमध कापायची, तिथून कोॲक्स केबल खाली आणायची, झाला डायपोल, म्हणजे साधा अँटेना. ४० मीटरला दुप्पट. मी पहिली तार हिशोबाप्रमाणे अगदी काटेकोर कापली आणि ती आखूड पडली, कारण प्रत्यक्षात आजूबाजूचं सगळंच मधे बोलतं, भिंत, झाड, पत्रा. आता आधी हातभर जास्त ठेवतो आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे तार रेडिओशी किती जुळली त्याचा आकडा, बघत बघत बोटभर बोटभर कापतो. आणि उंची! बुटका डायपोल सिग्नल सरळ डोक्यावर फेकतो, जवळची स्टेशनं मस्त येतात, लांबची नाहीत. लांबसाठी सिग्नल क्षितिजाला घासत निघायला हवा, म्हणजे तार उंच पाहिजे.

आणि खरखर. याचं दुःख वेगळंच आहे. एकदा तीन आठवडे माझा सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर एस सातच्या खाली उतरेना, म्हणजे त्याहून बारीक बोलणारा कुणी ऐकूच येणार नाही. मी शेजाऱ्यांवर संशय घेतला, रस्त्यावरच्या दिव्यांवर घेतला, शेवटी घराचा मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर लावला तर एकदम शांत. मग एकेक करत सगळं चालू केलं. निघाला कोण, तर माझ्याच लॅपटॉपचा चार्जर, रेडिओच्या शेजारच्या प्लगमध्ये. शेजाऱ्यांना मी काही बोललो नव्हतो हे नशीब.

[पाइलअपचा आवाज, शेकडो जण एकत्र.]

हा गोंधळ म्हणजे पाइलअप. कुणीतरी दुर्मिळ जागेवरून बोलतोय आणि सगळं जग त्याच्यावर तुटून पडलंय. डीएक्ससीसी नावाची यादी आहे, त्यात ३४० देश आणि बेटं आहेत, शंभर पक्की केली की सर्टिफिकेट. यादीतल्या काही जागांवर माणूस राहतच नाही, तर लोक खास तिथं जातात. दक्षिण अटलांटिकमधलं बूवे बेट, बहुतेक सगळा बर्फच, तिथं फेब्रुवारी २०२३ मध्ये एक टीम जाऊन तंबूतून बोलली. स्कारबरो रीफवर तर पाण्यातून डोकी काढलेले खडक तेवढे आहेत, तिथं खडकांवर मचाण बांधून त्यावर रेडिओ घेऊन बसले होते लोक. वेडेपणा आहे, मान्य.

अशा वेळी तिथला ऑपरेटर एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि ऐकतो दुसरीकडे, पाच-दहा किलोहर्ट्झ वर, नाहीतर त्याचा आवाज आमच्या कल्लोळात बुडेल. याला स्प्लिट म्हणतात. रेडिओवर त्याचं बटण असतं. ते बटण मी एकदा विसरलो आणि थेट त्याच्या डोक्यावर माझा कॉलसाईन ठणकावून सांगितला, दोनदा. लगेच दहा ठिकाणांहून ओरडा, अप! अप! अप! म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीवर जा, आणि कुणीतरी मोर्समध्ये शांतपणे लिड असं वाजवलं. लिड म्हणजे अडाणी ऑपरेटर. कान लाल झाले माझे, खोलीत एकटा होतो तरी.

सध्या बहुतेक गर्दी एफटी-८ या कॉम्प्युटरनं बोलायच्या पद्धतीवर असते. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी आणलं, टेलर म्हणजे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला टेलर, तो स्वतः हॅम. पंधरा सेकंदांचे आळीपाळीनं तुकडे, कॉम्प्युटर खरखरीच्या वीस डेसिबल खालचा सिग्नल पण ओढून काढतो, कानाला काहीच कळत नाही तिथं तो नाव लिहून दाखवतो. मी वापरतो, निम्मा लॉग, म्हणजे कुणाशी बोललो त्याची वही, त्यानंच भरलाय. पण त्यातला एकही माणूस मला आठवत नाही.

बाकी मालक सूर्यच. अकरा वर्षांचं त्याचं चक्र, हे पंचविसावं डिसेंबर २०१९ ला सुरू झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ या अमेरिकन संस्थांनी शिखराचा काळ आल्याचं जाहीर केलं. सूर्यावरचे डाग वाढले की १० मीटर बँड असा उघडतो की पाच वॉटमध्ये महासागर पार. आणि तोच सूर्य मे २०२४ सारखं वादळ पाठवतो तेव्हा लोक आकाशातल्या रंगांचे फोटो टाकत असतात आणि आम्ही मेलेल्या बँडवर डायल फिरवत बसतो.

[पहाट. खिडकीत अजून अंधार. डायलवर ७.१ च्या आसपास आकडे.]

ही नोंद माझ्या लॉगमधली. ४० मीटर, शंभर वॉट, उलटा व्ही, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही टोकं खाली असलेला डायपोल. तासभर नुसता ऐकत होतो. मग खरखरीतून एक आवाज वर आला, खाली गेला, परत आला, लाटेवरच्या होडीसारखा, चिलीचा माणूस, तिकडे नुकता अंधार पडलेला आणि इकडे उजाडायला आलेलं. मी पहिल्यांदा बोलावलं, त्याला दुसराच कुणी मिळाला. परत बोलावलं, त्याला माझ्या कॉलसाईनची शेवटची दोन अक्षरं कळली. तिसऱ्यांदा मी एकेक अक्षर वेगळं करून सांगितलं, सावकाश, आणि त्यानं पूर्ण कॉलसाईन परत म्हणून दाखवला. सोळा हजार किलोमीटरच्या वर. त्यानं मला फाइव्ह नाईन दिलं, तीनदा विचारून घेतल्यावर फाइव्ह नाईन, म्हणजे अगदी खणखणीत ऐकू येतोयस, आता काय बोलणार. मीही तेच दिलं. सेव्हन्टी थ्री, सेव्हन्टी थ्री, म्हणजे शुभेच्छा, आणि संपलं. चाळीस सेकंद असतील सगळी मिळून. दहा मिनिटांनी खिडकीच्या कडेवर ऊन आलं आणि तो आवाज खरखरीत बुडत गेला, पुढच्या कुणाला तरी बोलावत होता, अर्धं नाव ऐकू आलं.

[पोस्टकार्ड, हातात.]

दीड वर्षानं त्याचं क्यूएसएल कार्ड आलं, म्हणजे बोलणं झाल्याची पोचपावती. मागच्या बाजूला डोंगर, पुढं माझा कॉलसाईन निळ्या पेननं, खाली बँड, तारीख, रिपोर्ट. वेळ त्यानं लिहिलीये ००:५३ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. माझ्या लॉगमध्ये ००:५२ आहे. मी दोन्ही घड्याळं मनातल्या मनात तपासली, माझं इंटरनेटवरून लावलेलं असतं. पण कार्डावरची वेळ मी खोडली नाही, लॉगमध्येच शेजारी पेन्सिलनं लिहून ठेवली.