धुऱ्यावरचा बैल आणि ऑफसाईडवाल्याची पेनल्टी

(दृश्य: रात्र. हरभऱ्याचं वावर. मोटरीचा आवाज. धुऱ्यावर मोबाईलचा उजेड.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. जानेवारीतली रात्र, दीड वाजलाय. या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची, म्हणून दोघं भाऊ ओलीत करायला वावरात आलेत. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे नेमके याच वेळेला सुरू होतात. दांड फुटला की धाकटा फावडं घेऊन पळतो आणि थोरला मागून ओरडतो, "थांब बे, कॉर्नर हाये!"

खेड्यात फुटबॉलचं वेड कुठून आलं, असं विचारल्यावर आम्हाला बरीच उत्तरं मिळाली. मला सगळ्यात पटलं ते रात्रीच्या लाईनीचं.

(दृश्य: सकाळ. पानठेला. सुपारी घोटण्याचा आवाज.)

आम्ही आलो होतो एका पेनल्टीसाठी. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर दोन गावांचा सामना झाला. रेषा फक्कीच्या, गोलचे खांब बांबूचे, एका गोलच्या मागे थेट तुरीचं वावर. ऑफसाईड पाहायला रेषेवर उभे राहणारे लाइन्समन नव्हते. शिट्टी शाळेतल्या सरांकडे.

शेवटची पाच मिनिटं. मधून लांब बॉल आला. तो सुटला तेव्हा पाहुण्या गावाचा एक गडी शेवटच्या डिफेंडरच्या दोन पावलं पुढे, गोलच्या बाजूला होता, म्हणजे ऑफसाईड जागेवर. त्याचा एक साथीदार मागून, बरोबर जागेवरून, त्याच बॉलवर निघाला होता. पुढचाही पळाला. बॉल अजून चार-पाच पावलं दूर होता, तेवढ्यात डिफेंडरनं डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, या पुढच्याची जर्सी मागून ओढली. गडी आडवा. सरांनी शिट्टी मारली आणि बोट दाखवलं ते पेनल्टीच्या ठिपक्याकडे.

तेव्हापासून पानठेल्यावर दुसरा विषय नाही.

"बॉल सुटला तवा थो ऑफसाईड होता ना, सर! मंग पेनल्टी कायची?"

"ऑफसाईड जागेवर होता. ऑफसाईड झाला नव्हता."

"हे काय नवीन काढलं बाप्पा?"

नवीन काहीच नाही. फुटबॉलच्या नियम क्रमांक 11 मध्येच लिहिलंय की ऑफसाईड जागेवर असणं हा गुन्हा नाही. तिथून बॉल खेळला, खेळायचा प्रयत्न करून समोरच्याला अडचण केली, समोरच्याशी बॉलसाठी झटापट केली, गोलकीपरला बॉल दिसू नये असा आडवा आला, असं काही केलं की गुन्हा होतो. नुसतं उभं राहिल्यानं होत नाही. बॉलच्या दिशेनं पळाल्यानंही होत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. पळताना, बॉल खेळायचा प्रयत्न करण्याआधीच त्याला कुणी पाडलं, तर फाऊल आधी घडला. फाऊल डीमध्ये असेल तर पेनल्टी. उलट त्यानं आधी बॉलला पाय घातला आणि मग त्याला पाडलं, तर ऑफसाईड आधी घडला. मग पेनल्टी नाही, बचाव करणाऱ्यांना फ्री किक.

सरांनी हे तीनदा सांगितलं. कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. शेवटी बाकावर बसलेले एक काका बोलले. फुटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

"तुह्या धुऱ्यावर माहा बैल उभा हाये. तुह्या पऱ्हाटीकडे पाह्यते, चार पावलं चालते बी. तोंड टाकलं नाही अजून. तू त्याले काठी हाणली, तर भांडण कोणाच्या नावावर?"

ठेल्यावर दोन मिनिटं शांतता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, असं पानठेलेवाल्यानं नंतर सांगितलं.

मग एकानं विचारलं, "आन् तोंड टाकल्यावर हाणली तर?" तर पहिला गुन्हा बैलाचा. पण काठी जबर बसली असेल तर मारणाराही सुटत नाही. ऑफसाईड दिल्यानंतरही धोकादायक टॅकलला कार्ड दाखवता येतं. काकांना कार्ड माहीत नाही, निकाल मात्र बरोबर निघाला.

(दृश्य: मोबाईलची काच तडकलेली, त्यावर जुना सामना.)

वाद मिटला असता. पण एका पोरानं मोबाईल काढला. 4 फेब्रुवारी 2018, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. टॉटनहॅमच्या डेले अलीनं बॉल पुढे दिला तेव्हा त्याचा साथीदार हॅरी केन ऑफसाईड जागेवर होता. मध्ये लिव्हरपूलचा डिफेंडर लोव्रेननं पाय घातला, बॉल निसटून केनकडे गेला आणि गोलकीपर कारियसनं त्याला पाडलं. रेफ्री जॉन मॉस यांनी सहायकाशी बोलून पेनल्टी दिली.

"पाहा! हेच तर झालं आपल्याकडं."

नाही झालं. तिथे निर्णय टिकला तो लोव्रेनच्या पायामुळे. डिफेंडरनं बॉल जाणूनबुजून खेळला की आधीचं ऑफसाईड पुसलं जातं. नुसता अंगाला लागून उडाला तर पुसलं जात नाही. जाणूनबुजून कशाला म्हणायचं, यावर इतका गोंधळ झाला की 2022 मध्ये नियम करणाऱ्यांना खुलासा द्यावा लागला: बॉल लांबून येत होता का, नीट दिसत होता का, वेग किती, अंग सावरायला वेळ होता का. आपल्या सामन्यात डिफेंडरनं बॉलला शिवलंच नव्हतं, त्याच्या हातात जर्सी होती.

जुन्या खेळाडूंची अडचण आणखी वेगळी. नागपुरात कॉलेजच्या टीममधून खेळलेले एक आजोबा ठासून सांगतात, "बरोबरीत असला तरी ऑफसाईडच." त्यांच्या काळात तसंच होतं. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीत असणारा 1990 पासून ऑनसाईड झाला. आजोबांनी खेळणं त्याच्या आधीच सोडलं.

(दृश्य: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी पोरं.)

गावाकडे 'व्हीएआर', म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा रेफ्री, पण आहे. ट्रॉलीवर उभ्या पोरानं काढलेला व्हिडिओ. 2024 च्या युरो कपमध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडला डेन्मार्कचा गोल बुटाच्या टोकाएवढ्या ऑफसाईडनं रद्द झाला. काही मिनिटांतच, ज्यानं तो गोल केला होता त्याच अँडरसनच्या हाताला बॉल लागला म्हणून जर्मनीला पेनल्टी मिळाली. तिथे चेंडूत सेन्सर होता. इथली ट्रॉली गोलच्या मागे लावलेली. मागून पाहिलं तर कोण किती पुढे होता ते कधीच कळत नाही, त्यासाठी डिफेंडरच्या रेषेत बाजूला उभं राहावं लागतं. तरी तो व्हिडिओ गावात प्रत्येकानं पाहिलाय आणि प्रत्येकाला त्यात आपल्याला हवं तेच दिसलंय. जर्सीचा कॉलर ताणलेला मात्र स्वच्छ दिसतो.

"त्या पेनल्टीवर पुढे काय झालं?" आम्ही हे विचारलं तेव्हा पोरं एकमेकांकडे पाहून हसायला लागली.

केनची ती पेनल्टी कारियसनं अडवली होती. इथे अडवायची वेळच आली नाही. बॉल बांबूच्या वरून तुरीत गेला. अंधार पडेपर्यंत दोन्ही गावं मिळून शोधत होती. सामना शून्य-शून्य.

बॉल तिसऱ्या दिवशी सापडला, तूर कापताना.